‘व्हिम्झिकल’पाशी अडलेलं शब्दकोश ॲप

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचा मजकूर मी इंग्रजीतून मराठीत आणते. त्या कामासाठी गेले आठ महिने हे इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं ॲप वापरते आहे. पाचपैकी तीन तारे देतेय. कापलेले दोन्ही एकाच शब्दापायी.

पानावर एक घर होतं. छप्पर किटलीच्या झाकणासारखं, एक खिडकी दुसरीसारखी नाही, धुराड्याला लोकरीची टोपी. मजकुरात त्याला ‘व्हिम्झिकल’ म्हटलेलं. ॲपने अर्थ दिले: लहरी, चंचल, विक्षिप्त. बस्स. आता माणूस लहरी असतो, पाऊस लहरी असतो, सकाळी हो म्हणून संध्याकाळी नाही म्हणणारा साहेब लहरी असतो. घर कसं लहरी असेल? आणि ‘विक्षिप्त घर’ लिहिलं तर चार वर्षांचं पोर पुढचं पान उलटायला घाबरेल.

अर्थ चुकीचे नाहीत. मनात आलं म्हणून घेतलेल्या निर्णयालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात, आणि तिथे ‘लहरी’ चपखल बसतो. पण हल्ली तो जास्त करून कौतुकानेच येतो: चित्राबद्दल, कापडावरच्या नक्षीबद्दल, खोलीच्या सजावटीबद्दल, गोष्ट सांगायच्या ढंगाबद्दल. त्यात कल्पनेची मौज असते, थोडं वेड असतं, कुणाला त्रास नसतो. आपल्या ‘लहरी’त दुसऱ्याला होणारा ताप आलाच. ‘कप्रिशस’ (capricious) या दुसऱ्या इंग्रजी शब्दालाही ॲपने हेच तीन शब्द दिलेत. तो तर बहुतेक वेळा तक्रारीचाच शब्द! एकाही अर्थापुढे वाक्य नाही, मग हा फरक वाचणाऱ्याला कळणार कुठून?

व्युत्पत्ती मात्र छान दिली आहे. सोळाव्या शतकातला ‘व्हिम-व्हॅम’ म्हणजे शोभेची किरकोळ वस्तू; ‘व्हिम्झिकल’ सतराव्या शतकातला. म्हणजे मौजेचा धागा खालच्या ओळीत आहे आणि वरच्या अर्थांत त्याचा पत्ता नाही. उच्चार स्वच्छ ऐकू येतो. ‘ह’ बहुतेक जण म्हणत नाहीत, त्यामुळे कानाला ‘विम्झिकल’ लागतं. इंटरनेट नसतानाही ॲप चालतं.

त्या घरासाठी मी दोन दिवस शब्द शोधत होते. ‘गमतीदार’ फार सैल, विनोदालाही तोच. ‘अवखळ’ला पळणारं काहीतरी लागतं, झरा किंवा मूल. ‘तऱ्हेवाईक’ जवळ आला, पण म्हणताना कपाळाला आठी पडतेच. शेवटी ‘मनमौजी घर’ लिहिलं. भाचीला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, टोपी घराने स्वतःच निवडली का?

ॲपवाल्यांना सुचवलं आहे: माणूस आणि निर्णय यांचा अर्थ वेगळा द्या, वस्तू आणि चित्रांचा वेगळा, दोन्हीपुढे एकेक वाक्य घाला. परवाच्या अपडेटमध्ये अजून तेच तीन शब्द आहेत.