केळकर संग्रहालय : मस्तानी महालाआधी अडकित्ते पाहा

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. बाहेरगावचे बरेच लोक इथे येतात ते मस्तानी महालासाठी. कोथरूडहून अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे आणि तो पाहायलाच हवा. पण या संग्रहाचा जीव आहे घरगुती वस्तूंत. त्यामुळे पाय ताजे असतानाच त्या दालनांकडे वळा.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला घेतल्या, पत्नी कमलाबाईंची साथ होती. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि पुढे तो राज्य सरकारच्या हवाली केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी मांडलेल्या आहेत अडीच हजारांच्या आसपास. त्याही एका दमात पाहू गेलात तर कशालाच न्याय मिळत नाही. दोन-तीन प्रकार निवडा आणि तिथेच रेंगाळा.

आमची पहिली शिफारस अडकित्त्यांची. रचना सगळ्यांची एकच : दोन दांडे एका टोकाला खिळीने जोडलेले, वरच्याला धार, खालच्यावर सुपारी. कारागिराची सगळी करामत मुठीत. पोपट, घोडा, स्त्री-पुरुषाची जोडी असे आकार त्याने दिले, तेही मूठ दाबताना हाताला रुतणार नाहीत असे. मूठ पितळी असली तरी पाते लोखंडाचेच, कारण पितळ मऊ, कडक सुपारीपुढे त्याची धार टिकत नाही. दोन धातू कुठे आणि कसे सांधलेत, ते वाकून बघा.

मग वजऱ्या. टाच घासायला तळ खरबरीत, धरायला वर पक्षी किंवा प्राणी. पितळी वजऱ्यांत काही पोकळ असतात, आत खडे घातलेले. म्हणजे अंघोळीला बसल्यावर पाय घासताना त्या वाजणार! रोजच्या इतक्या साध्या कामासाठी कुणी एवढा जीव ओतला, हे पाहून फार बरे वाटते.

दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे हेही भरपूर आहे.

उणीव एकच, पण मोठी : फलक फार त्रोटक. वस्तू वापरायची कशी, हे त्यावरून मुलांना कळत नाही. वडीलधारे कुणी सोबत असले तर निम्मे काम होते. मात्र दालने मजल्यांवर विभागलेली आहेत, गुडघेदुखी असेल तर तिकीट खिडकीवर आधी चौकशी करा. फोटोचे नियमही तिथेच विचारा. वस्तू काचेआड आहेत, मोबाईल काचेच्या अगदी जवळ धरला तर प्रतिबिंब येत नाही.

किमान दोन तास हवेत. सायंकाळी साडेपाचला बंद होते, म्हणून तीनच्या आत पोहोचा. गाडी लावायला जागा मिळणे कठीण, मंडई मेट्रो स्थानकावरून चालत येणे सोपे. गणपतीच्या दिवसांत पेठांतले रस्ते बंद असतात, तेव्हा बेत आखू नका.