वेलणकर आणि सिंघम: वर्दीतले दोन पुरुष

‘अर्धसत्य’ (१९८३) आणि ‘सिंघम’ (२०११) या दोन्ही चित्रपटांचे नायक मराठी पोलीस अधिकारी आहेत आणि दोघेही चिडलेले. साम्य जवळपास इथेच संपतं.

गोविंद निहलानींचा अनंत वेलणकर (ओम पुरी) मर्दानगी बापाकडून शिकतो. बाप निवृत्त पोलीस, आईला मारणारा. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला खात्यात ढकलणाराही तोच. पुढे गुंड रामा शेट्टीसमोर हतबल झालेला वेलणकर सगळा राग कोठडीतल्या एका फुटकळ चोरावर काढतो आणि तो चोर मरतो. अपमान वरून येतो, मार मात्र खालच्याला बसतो. हिंसेची ही उतरंड इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

रोहित शेट्टीच्या बाजीराव सिंघमला (अजय देवगण) असला पेच नाही. त्याचा राग कधी चुकत नाही, पट्टा नेमका गुंडावरच पडतो. गाड्या उडतात, मजा येते, मलाही आली! शेवटी मात्र पोलीस खलनायक जयकांत शिक्रेला ठार करतात, त्याला आत्महत्या ठरवतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

वेलणकरही शेवटी रामा शेट्टीला मारतो, पण नंतर स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो. मला तोच जास्त धाडसी वाटतो.