हरभरा वाळतोय: वाण बदलावा की पीक?

हरभरा जागोजागी वाळायला लागला की सगळे एकच नाव घेतात, ‘मर’. पुढच्या रब्बीचा निर्णय मात्र त्या नावावर घेऊ नका. आधी वाळतं झाड उपटून बघा.

मुळं वरून धडधाकट, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर ती खरी मर. ही फ्युजेरियम बुरशी रोग करते तो हरभऱ्यावरच. तुरीची मर वेगळ्या फ्युजेरियमची, तिला उगाच दोष नको. हरभऱ्याची बुरशी मात्र तुरीच्या किंवा मसुराच्या मुळात गुपचूप राहते; झाड वाळत नाही, म्हणून पत्ताच लागत नाही.

सोटमूळ कटकन तुटून निम्मं मातीतच राहिलं, तंतुमुळं झडलेली, सालीखाली कोळशाच्या भुकटीसारखे ठिपके, तर ती कोरडी मूळकूज. ती बहुधा फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना येते, ओल तुटली आणि पारा तिशीपार गेला की. हिची मॅक्रोफोमिना बुरशी पाचशेच्या घरात वनस्पतींवर जगते. रब्बी ज्वारीचा खडखड्या रोगही तिचाच प्रताप!

मर असेल तर माझं मत सरळ आहे, वाण बदला. पीक बदलूनही बुरशी मातीत सहा वर्षं तग धरते, तेवढा धीर कुणाला? विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ हे वाण मरीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. ‘बऱ्यापैकी’ म्हणतोय, कारण ही बुरशी एकाच छापाची नाही. १९८२ साली भारतात तिच्या चार रेस, म्हणजे उपजाती, नोंदल्या गेल्या, जगभरात आज आठ मानतात. आनुवंशिकदृष्ट्या त्या एकमेकींच्या अगदी जवळच्या, पण एका रेसला पुरून उरणारा वाण दुसरीपुढे माना टाकतो. म्हणून पाहुण्यांच्या गावचा अनुभव ऐकावा, पण आधी आपल्या शिवारात काय टिकलं ते विचारावं.

मूळकुजीत वाणावर भिस्त ठेवू नका, आणि ज्वारीचा फेरपालट केला म्हणून निर्धास्तही होऊ नका; बुरशी धसकटात असतेच. तिथे पेरणी वेळेवर करणं आणि सोय असेल तर फुलोऱ्याआधी एक हलकं पाणी, हेच जास्त कामाचं.

बियाणं घरचं असेल तर मरीच्या पट्ट्यातलं धरू नका. बुरशी दाण्यातूनही येते, आणि वाळलेल्या झाडाचा दाणा बहुधा हलका, निस्तेज असतो.