एएफच्या गोळ्या: वेग आवरायचा की ताल परत आणायचा?

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडणं), निघालं की औषधांचे दोन मार्ग असतात. ठोके अनियमितच ठेवून त्यांचा वेग आवरायचा, किंवा मूळ ताल परत आणून टिकवायचा.

वेगासाठी बहुधा मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल देतात. स्वस्त आहेत, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मग डिल्टियाझेमचा विचार होतो, पण हृदयाचं पंपिंग कमी असेल तर तेही चालत नाही. डिगॉक्सिन बसल्या जागी ठोके उतरवतं, जिना चढताना फारसं नाही, आणि किडनी अधू असेल तर अंगात साचतं.

तालासाठी अमियोडॅरोन प्रभावी आहे, कमकुवत हृदयातही देता येतं. पण 200 मिग्रॅच्या एका गोळीत सुमारे 75 मिग्रॅ आयोडीन असतं. थायरॉइड बिघडू शकतं, लिव्हरला आणि फुप्फुसांनाही इजा होऊ शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी हवीच. नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच दाखवा. तपासणीविना जुन्याच चिठ्ठीवर ही गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, याची मला खरोखर काळजी वाटते. बंद केल्यावरही ती शरीरात काही महिने रेंगाळते. फ्लेकेनाइडला हा त्रास नाही, पण ते धडधाकट हृदयासाठीच. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ते दिल्यावर मृत्यू वाढल्याचं 1989 मध्ये ‘कास्ट’ चाचणीत दिसलं. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) न बघता ते सुरू करू नये.

मग निवडायचं काय? 2002 च्या ‘अफर्म’ चाचणीत ताल टिकवणाऱ्यांचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. 2020 च्या ‘ईस्ट’ चाचणीत मात्र एएफ निघाल्यापासून वर्षाच्या आत तालाचे उपचार (बहुतेकांना औषधं, काहींना ॲब्लेशन, म्हणजे हृदयात नळी घालून बिघाडाची जागा निकामी करणं) सुरू केलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू आणि पक्षाघात कमी झाले. त्यामुळे दुखणं नवं असेल तर तालाबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. जुनं असेल आणि धडधड, थकवा जाणवत नसेल, तर वेग आवरणं पुरतं असं माझं मत.

ताल परतला तरी रक्त पातळ करणारी गोळी मनाने सोडू नका. ती पक्षाघाताच्या जोखमीवर ठरते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्यांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमच देतात. त्यात अमियोडॅरोनची भर पडली की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) चढतो, म्हणून वॉरफरिन-ॲसिट्रॉमचा डोस कमी करावा लागतो आणि सुरुवातीचे काही आठवडे रक्त वरचेवर तपासावं लागतं.