‘मन सयरबह अल-मल्यून’: करोडपतीचा अरबी अवतार प्रश्नमंजूषा बसवणाऱ्यांनी का पाहावा

आखातात नोकरी केलेल्या अनेक गोमंतकीयांनी एमबीसी वाहिनीवरचा ‘मन सयरबह अल-मल्यून’ कधी ना कधी पाहिला असेल. आपल्या ‘कौन बनेगा करोडपती’चा हा जुळा भाऊ. मूळ खेळ ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर 1998 साली सुरू झाला. हिंदी आणि अरबी अवतार 2000 साली आले, मराठीला 2013 उजाडलं. रवींद्र भवनात, शाळेत किंवा चवथीच्या मंडळात प्रश्नमंजूषा बसवणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. परका खेळ आपल्या भाषेत बसवण्याचं इतकं नेटकं काम क्वचितच पाहायला मिळतं.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे खेळाच्या सांगाड्याला हात लावलेला नाही. पंधरा प्रश्न, चार पर्याय, तीन मदती, समोरासमोर दोन उंच खुर्च्या. प्रश्न आला की दिवे खाली झुकतात, आणि वरच्या टप्प्यांत पार्श्वसंगीत दर प्रश्नाला अर्ध्या स्वराने चढतं. प्रेक्षकाला ते जाणवतही नाही, पण छातीत धडधड वाढते ती त्यामुळेच. स्थानिक कार्यक्रमांत नेमकं हेच विसरलं जातं. एकच धून शेवटपर्यंत वाजत राहते आणि दहावा प्रश्न दुसऱ्याइतकाच सपाट वाटतो.

खरी कसोटी भाषेची होती. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत बोली इतक्या वेगळ्या की एकीत केलेला कार्यक्रम दुसरीकडे अर्धा डोक्यावरून जातो. म्हणून प्रश्न आणि पर्याय प्रमाण अरबीत ठेवले, आणि स्पर्धकाशी होणाऱ्या गप्पा सैल, बोलीकडे झुकणाऱ्या. सूत्रसंचालक जॉर्ज कुरदाही रेडिओतून आलेले लेबनानी पत्रकार. प्रश्न वाचताना उच्चार घासूनपुसून लख्ख, आणि ‘जवाब निहाई?’ म्हणून शेवटचं उत्तर विचारल्यावर लांबलचक शांतता. निवड अचूक होती. गोव्यात मराठी-कोंकणी मिसळत कार्यक्रम करणाऱ्यांनी ही वाटणी उचलावी: प्रश्न एकाच भाषेत, एकाच लेखनपद्धतीने, गप्पा मात्र माणूस बोलेल त्या भाषेत. प्रश्नातच दोन्ही भाषा मिसळल्या की स्पर्धक हरकत घेतो, आणि ती बहुतेक वेळा रास्त असते.

पडद्यावरचं काम तर शिकण्यासारखंच. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे पर्यायांच्या चौकटीही उलटतात: ‘अलिफ’ उजवीकडे, ‘बा’ डावीकडे, खाली ‘जीम’ आणि ‘दाल’. अक्षरं मात्र उजवीकडून चालली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे असतात. त्यामुळे ‘1914–1918’ असा कालखंड लिहिला आणि सॉफ्टवेअरला दिशा नीट सांगितली नाही, तर सालं उलटसुलट होऊन बसतात. शिवाय अरबी अक्षर शब्दात कुठे येतं त्यावर त्याचा आकार ठरतो. एकेक अक्षर टंकत येण्याचा परिणाम लावला की मधल्या क्षणी भलतेच आकार दिसतात. देवनागरीचं दुखणं तेच. ‘क्षत्रिय’ अक्षराअक्षराने आणला की आधी ‘क’, मग हलन्त ‘क्’, मग अचानक ‘क्ष’. ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनानंतर टंकते आणि आधी उभी राहते. उपाय सोपा आहे: अख्खी ओळ एकदम आणा, आणि प्रोजेक्टरच्या संगणकात तोच फॉन्ट आहे का हे आदल्या दिवशी तपासा.

प्रश्न लिहिणाऱ्यांपुढची अडचण त्याहून बारीक. ऑगस्ट महिना लेबनान-सीरियात ‘आब’, इजिप्तमध्ये ‘अगुस्तुस’, मोरोक्कोत ‘गुश्त’, अल्जेरिया-ट्युनिशियात ‘ऊत’. अरब जगभर वाचली जाणारी माध्यमं म्हणूनच अनेकदा दोन नावं शेजारी-शेजारी देतात. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे ‘क-त-ब’ ही तीच तीन अक्षरं ‘त्याने लिहिलं’ अशीही वाचता येतात आणि ‘लिहिलं गेलं’ अशीही. तेव्हा निदान सूत्रसंचालकाच्या कार्डावर स्वरचिन्हं हवीतच. आपल्याकडे डिचोलीला कोंकणीत दिवचल म्हणतात, म्हापसा म्हापशें होतं. प्रश्नात दोन्ही नावं द्या, नाहीतर बरोबर उत्तर येत असलेला माणूस नुसत्या नावावर अडतो.

बक्षीस दहा लाख सौदी रियाल. एका डॉलरला 3.75 रियाल हा दर बांधलेला असल्याने ही रक्कम सुमारे 2 लाख 67 हजार डॉलर होते, आणि अनेक देशांतल्या प्रेक्षकांना एकच स्थिर आकडा मिळतो. वाद झाला तो प्रवेशावरून. 2001 मध्ये इजिप्तचे मुफ्ती नस्र फरीद वासिल यांनी अशा स्पर्धांविरुद्ध फतवा काढला. भाग घेण्यासाठी फोनवर पैसे मोजायचे आणि बक्षिसाची आशा धरायची, यात त्यांना जुगार दिसला. आक्षेप पटो न पटो, गोव्यातल्या आयोजकांनी प्रवेश फुकट ठेवून बक्षीस प्रायोजकाकडून घ्यावं. मग हा प्रश्नच उरत नाही.

एमबीसीचाच ‘अल-रईस’ हा ‘बिग ब्रदर’चा अवतार 2004 मध्ये बहरीनमध्ये उभा राहिला. स्त्री-पुरुषांच्या झोपण्याच्या खोल्या वेगळ्या, नमाजाची सोय वेगळी. तरीही निदर्शनं झाली आणि काही दिवसांतच तो बंद पडला. अनोळखी स्त्री-पुरुषांना एका घरात ठेवणं हा त्या खेळाचा गाभाच होता, तो भिंती घालून बदलत नाही. करोडपतीच्या गाभ्यात असं काही अडत नव्हतं. खेळ निवडतानाच हे पारखून घ्यावं. नंतर डागडुजी करून भागत नाही.

उणीव एकच, पण मोठी: अरबी न समजणाऱ्याला भाग पाहताना उपशीर्षकांचा आधार मिळत नाही. यूट्यूबवर जुने तुकडे सापडतात. एखादा भाग आधी आवाज बंद करून, फक्त दिवे, चौकटी आणि कॅमेरा पाहत बघा, आणि मग डोळे मिटून नुसता ऐका. मूळ संगीत आणि मांडणी मात्र जशीच्या तशी उचलू नका, त्याचे हक्क विकत घ्यावे लागतात. चढत्या स्वराची कल्पना घेऊन धून गावातल्या पेटीवाल्याकडून बांधून घेतलीत तर काम स्वस्तात होईल आणि आपलंही वाटेल.