हलव्याच्या दागिन्यांचं किट घेतलं, हलव्याला काटाच नाही

भाच्याचं पहिलं बोरन्हाण, आणि मी नोव्हेंबरातच ताईला सांगून बसले होते की दागिने मी घरी करणार, विकतचे आणायचे नाहीत. बोलायला काय जातंय. डिसेंबर सगळा ऑफिसात गेला, संक्रांत तोंडावर आली, मग एका रात्री पांघरुणात पडल्यापडल्या फोनवरून हे लहान मुलांच्या दागिन्यांचं किट मागवून टाकलं. साडेसहाशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली बरीच कुरकूर आहे आणि फोनवर बोलणारी मुलगी बिचारी फार गोड होती.

आधी चांगलं सांगते. पॅकिंग मस्त. मुकुट, बाजूबंद, बासरी सगळ्यांचे पुठ्ठ्याचे आकार नीट कापलेले, सोनेरी कागद, लेस, मोती, दोऱ्याचं रीळ, गम, सगळं एका डब्यात. पुण्यात तुळशीबाग नाहीतर बोहरी आळीत हेच सामान स्वस्तात मिळतं हे मलाही माहितीये, पण संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी तिथे गाडी कुठे लावायची ते सांगा. शिवाय डबा समोर टेबलावर दिसत राहिला म्हणून मी बसले तरी, नाहीतर दरवर्षीसारखं "उद्या करू" म्हणत रथसप्तमी उजाडली असती.

डब्यावर छापलंय '२ तासांत पूर्ण सेट'. माझा दोन तासांत नुसता मुकुटाला सोनेरी कागद लावून झाला आणि तोही एका बाजूला फुगलेला. ओटा आवरून साडेनऊला बसायचं ते अकरापर्यंत, अशा सहा रात्री गेल्या. पण त्या रात्री मला आवडल्या हं, दारंखिडक्या बंद, अंगावर शाल, पंखा बंद त्यामुळे कागदही उडत नाहीत आणि हाताला घाम नाही. घामट हाताने हलवा धरला की तो लगेच चिकट होतो, एप्रिल-मेमध्ये हे काम जमणारच नाही.

आता मुख्य तक्रार. हलवा. किटमधला हलवा एकदम गोल गुळगुळीत, मशीनमधून काढल्यासारखा. सासूबाईंनी एक दाणा बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला काटा कुठंय?" मला तोपर्यंत वाटायचं काटा, म्हणजे दाण्यावरची ती साखरेची बारीक टोकं, नुसता दिसायला असतो. तर तसं नाहीये. त्यांनी दाखवलं, दोरा दुहेरी घ्यायचा, दोन पदरांच्या मधे एक दाणा धरायचा, पीळ द्यायचा, पुढचा दाणा, परत पीळ. सुई लागत नाही कारण साखरेचा दाणा ओवायला गेलं की फुटतो. दोरा त्या काट्यांमध्ये जाऊन बसतो म्हणून दाणा हलत नाही. गुळगुळीत दाणा पीळ दिला रे दिला की सटकतो, माझे निम्मे सोफ्याखाली गेले.

किटच्या कागदावर म्हणून सरळ 'गमने चिकटवा' लिहिलंय. चिकटवले. सकाळी मुकुट उचलला तर टपटप टपटप, पुढची अख्खी ओळ फरशीवर. आणि गुलाबी हलव्याचा रंग बोटांना लागून पांढऱ्यावर उतरला ते वेगळंच.

शेवटी नेहमीच्या दुकानातून पाव किलो काटेरी हलवा आणला आणि बासरी, हार, बाजूबंद सगळं दोऱ्यानेच केलं. असा हलवा करायचा म्हणजे मंद आचेवर कढईत तीळ नाहीतर साबुदाणा हाताने हलवत राहायचं आणि चमचा चमचा पाक सोडायचा, एक दिवसाचं काम नाही ते. सासूबाई म्हणतात थंडी जेवढी जास्त तेवढा काटा छान येतो. त्यांनी पूर्वी घरी केलाय, मी तेवढी शूर नाही.

मुंग्यांचं किटवाल्यांनी कुठेच लिहिलेलं नाही, ते मी लिहिते. दुसऱ्याच रात्री बाजूबंदावर रांग लागली होती. परातीत पाणी, मधे पालथी वाटी, वाटीवर डबा. मग नाही आल्या.

अजून एक, आणि हे मला खरंच खटकलं. कागदाच्या मागे एकदम बारीक अक्षरात 'खाण्यासाठी नाही'. अहो, वर्षाच्या आतलं मूल, त्याच्या हातात साखरेची बासरी देणार आणि ते तोंडात घालणार नाही? आमच्या भाचेसाहेबांनी काळं झबलं घातलं, डोक्यावर बोरं-चुरमुरे पडायच्या आधीच बासरीचं टोक चघळायला घेतलं. नशीब तिला गम नव्हता. तुम्ही घेतलंत तर एवढं करा, बाळाच्या हातात तोंडात जाईल त्या दागिन्याला किटचा हलवा आणि गम अजिबात लावू नका, मुकुटाला वापरा हवं तर.

५ पैकी ३ स्टार. तिन्ही स्टार पुठ्ठ्याच्या आकारांना आणि पॅकिंगला, हलव्याला शून्य.

फोटो बघून मावशीने तिच्या होणाऱ्या सुनेचे पुढच्या संक्रांतीचे दागिने मलाच करायला सांगितलेत, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ सगळं. नुसते पुठ्ठ्याचे आकार कोणी वेगळे विकत असेल तर खाली कळवा, हलवा आणि दोरा माझा मी बघते.