सेलरचा कूलर बिघडला: दुरुस्ती की नवा?

इंग्लंडात पब चालवायला घेतला की तळघरातलं, म्हणजे सेलरमधलं, तापमान हा रोजचा विषय होतो. कास्क एल ही जिवंत बिअर, पिंपातसुद्धा यीस्टचं काम चालू असतं. तिला ११ ते १३ अंश सेल्सिअस लागतात. पारा वर गेला की ती उसळते, नळातून नुसता फेस येतो, आणि चार दिवसांत आंबटपणा जाणवतो. फार खाली गेला की गढूळ दिसते. एका फर्किनमध्ये, म्हणजे बिअरच्या लहान पिंपात, ७२ पाइंट असतात, त्यामुळे ऐन जुलैत कूलर बंद पडला की माणूस हवालदिल होतो आणि पहिला मेकॅनिक सांगेल त्याला मान डोलावतो. पैसे जातात ते इथे.

ही तुलना अशा वेळी हाताशी असावी म्हणून. युनिटचं वय हा माझ्या मते दुय्यम मुद्दा आहे. बिघाड नेमका कुठे आहे आणि आत थंडावा देणारा कोणता गॅस आहे, यावर निर्णय घ्यावा.

आधी बिघडलाय कोण ते पाहा. पबमध्ये थंडाव्याच्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक तळघराची हवा गार ठेवते. दुसरा रिमोट कूलर, जो पायथन नावाच्या जाड नळीतून थंड पाणी फिरवून लागर (गारच प्यायची बिअर) नळापर्यंत गार पोचवतो. तळघरात १२ अंश आहेत पण ग्लासातली लागर कोमट, तर दोष रिमोट कूलरचा. तो बहुधा ब्रुअरीचा असतो, माणूसही तिचाच येतो. उलट तळघर १६ वर, सेलरचं युनिट न थांबता चालतंय आणि त्यातून हवाही गार येतेय, तर युनिट ठीक असण्याची शक्यता मोठी. मग तळघरातली उष्णता मोजा. रिमोट कूलर, बर्फाचं मशीन, बाटल्यांचे फ्रिज हे सगळे आपली गरम हवा त्याच खोलीत सोडतात. नव्या लागरसाठी आणखी एक रिमोट कूलर बसला आणि त्यानंतर तळघर तापायला लागलं, तर कॉम्प्रेसर बदलून काहीही होणार नाही.

उतरण्याआधी कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बघायचा, हे विसरू नका. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तळघरात खालीच साचतो. अलार्म वाजत असेल तर कूलरचं नंतर, आधी बाहेर थांबा.

आता सेलर युनिटच्या आतल्या कॉइलवरचा बर्फ नीट बघा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. बर्फ सगळ्या कॉइलवर सारखा पसरला असेल तर हवा फिरत नाहीये: फॅन बंद, जाळीवर धूळ, समोर रचलेले क्रेट, किंवा दिवसभर उघडं राहिलेलं दार. एकाच टोकाला, गॅस आत शिरतो तिथे बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी असल्याचा दाट संशय. दोन्ही वेळा कूलिंग बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडू नका. पत्र्यामागची तांब्याची नळी फुटली की साध्या दुरुस्तीचं मोठं काम होतं.

बाहेरच्या युनिटला बहुतेकदा घाण मारते. किचनच्या एक्झॉस्टशेजारी असेल तर पत्र्यांवर तेलकट थर बसतो, गरम दिवशी दाब चढतो आणि हाय-प्रेशर स्विच ट्रिप होतो. रीसेट करून पुन्हा पडला तर सतत दाबत बसू नका. कंडेन्सर (बाहेरच्या युनिटमधली उष्णता सोडणारी कॉइल) धुणं, फॅन मोटर, कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, थर्मोस्टॅट ही सगळी दुरुस्तीचीच कामं. युनिट कितीही जुनं असो, यासाठी कोणी नव्याचं कोटेशन पुढे केलं तर दुसऱ्याला बोलवा.

गॅसचं प्रकरण वेगळं. ही बंद यंत्रणा आहे, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळला. त्यामुळे ‘भरून देतो, बघू किती टिकतो’ हा पर्याय मला सगळ्यात वाईट वाटतो: पैसे आज, तोच बिघाड पुढच्या उन्हात. कायदाही सांगतो की गळती विनाविलंब दुरुस्त करायची आणि महिन्याभरात पुन्हा तपासायची. गळती जोडावर किंवा व्हॉल्व्हवर सापडली तर दुरुस्ती, नायट्रोजनने दाब तपासणी आणि मग गॅस, हा चांगला सौदा. कॉइलच ठिकठिकाणी सडली असेल तर एक भोक बुजवून उपयोग नाही.

मग युनिटच्या पाटीवरचं गॅसचं नाव वाचा. आर२२ असेल तर प्रश्नच मिटला: १ जानेवारी २०१५ पासून तो पुन्हा भरता येत नाही, रिसायकल केलेलाही नाही. गळणारं आर२२ युनिट बदलायचंच. आर४०४ए असेल तर घाबरवणाऱ्यांपासून सावध राहा. २०२० ची नव्या, न वापरलेल्या गॅसवरची बंदी ४० टन कार्बन डायऑक्साइडइतकं तापमानवाढीचं नुकसान करू शकणाऱ्या किंवा त्याहून मोठ्या भरणीला आहे, म्हणजे साधारण १० किलोच्या वर. लहान सेलर युनिटमध्ये तेवढा नसतो. मात्र दोन किलो आर४०४ए म्हणजे सुमारे ७.८ टन, आणि ५ टनांपासून दरवर्षी गळतीची तपासणी सक्तीची. त्याच्या जागी भरता येणारा आर४४९ए तेवढाच घेतला तर सुमारे २.८ टन होतो. यंत्रणा मुळात धड असेल तर गॅसचा हा बदल मला नव्या युनिटपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

कॉम्प्रेसर जळाला असेल तर मी आतली कॉइल आणि पाइप चांगले असतील, नव्या गॅसला चालत असतील, तर बाहेरचं अख्खं कंडेन्सिंग युनिट बदलायला सांगेन. नुसता कॉम्प्रेसर स्वस्त पडतो खरा, पण जळताना तेल आम्लयुक्त होतं; सफाई न करता आणि नवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) न घालता बसवलेला दुसराही जळतो. मूळ कारण, म्हणजे घाण कंडेन्सर किंवा कमी गॅस, तेही विचारून घ्या.

घरगुती स्प्लिट एसीचा स्वस्त पर्याय सरळ नाकारा. तो बहुधा १६ अंशांच्या खाली सेटच होत नाही.

पैसे कबूल करण्याआधी भाडेकरार वाचा, सेलर कूलिंगची दुरुस्ती कधीकधी मालक कंपनीकडे असते. दरम्यान पिंपांवर ओली पोती आणि बर्फ ठेवा, दार बंद. आणि नवं घ्यायचंच ठरलं तर कोटेशनमध्ये तळघरातल्या प्रत्येक रिमोट कूलरची उष्णता धरली आहे का, आणि बाहेर गोठवणारी थंडी असताना युनिट चालावं म्हणून फॅनचा वेग आवरणारा कंट्रोल दिला आहे का, हे लेखी मागा. रिमोट कूलर जानेवारीतही गरम हवा सोडतच असतात.